मार्गिट आज नको, आधी लिमग्रेव्ह फिरून घ्या

पत्र : मी हर्णैचा. आमची स्वतःची मासेमारीची बोट आहे. 1 जूनपासून पावसाळी बंदी असल्यामुळे संध्याकाळी घरीच असतो. मुंबईच्या भाच्याने त्याचे जुने प्लेस्टेशन 4 आणि ‘एल्डन रिंग’ची डिस्क मला दिली आहे. बारावी झालेली माझी मुलगी पडद्यावरचे इंग्रजी वाचून सांगते आणि मी खेळतो. घोड्यावरून फिरायला आणि ते सोनेरी झाड पाहत राहायला फार आवडते. पण किल्ल्याच्या वाटेवरचा मार्गिट मला दोन-तीन फटक्यांत मारतो. खेळ सोपा करण्याची सोय कुठेच दिसत नाही. भाच्याने सुरुवातीला ‘रेच’ नावाचे पात्र घ्यायला लावले. घंटी वाजवून मदतीला भुते बोलावता येतात, पण भाचा म्हणतो, “मामा, तसे जिंकलास तर ते खरे जिंकणे नव्हे.” माझी बोटे आता तरुण पोरांसारखी चालत नाहीत. खेळ सोडून द्यावा का?
– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)

सप्रेम नमस्कार.

खेळ मुळीच सोडू नका. ज्या माणसाला घोड्यावरून नुसते फिरायला आवडते, त्याला या खेळातले सर्वांत मोलाचे आधीच मिळाले आहे. राहिला तो मारामारीचा भाग, आणि तो निश्चितपणे हलका करता येतो. सोपा, मध्यम, कठीण अशी निवड तुम्हाला सापडली नाही, कारण ती या खेळात नाहीच. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला हा खेळ 25 फेब्रुवारी 2022 रोजी आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला, तरीही काठिण्य कमी करण्याचे बटण त्यात कधीच दिले गेले नाही. सोपेपणा आहे, पण तो नकाशावर विखरून ठेवलेला आहे, आणि तो कुठे आहे हे खेळ स्वतःहून फारसे सांगत नाही. म्हणून तुमच्या पत्राला माझे उत्तर असे आहे की काही दिवस मार्गिटकडे फिरकूच नका.

तुम्ही त्याच्यासमोर इतक्या लवकर जाऊन का उभे राहिलात, हे मला तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसते. विसाव्याच्या सोनेरी जागा, ज्यांना खेळात ग्रेस म्हणतात, त्यांतल्या काहींमधून एक किरण निघतो आणि तो पुढच्या मुख्य वाटेची दिशा दाखवतो. लिमग्रेव्ह या खेळाच्या सुरुवातीच्या प्रदेशात हा किरण स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे, म्हणजे थेट मार्गिटकडे बोट दाखवतो, आणि नवीन माणसाला साहजिकच वाटते की आता तिकडेच गेले पाहिजे. कथा कोणत्या बाजूला सरकते एवढेच तो किरण सांगतो. तुमची तयारी झाली आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. वारा आणि पाणी पाहून बोट बाहेर काढायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला, थांबणे म्हणजे हार नव्हे हे मी वेगळे सांगायला नको.

आता भाच्याच्या म्हणण्याविषयी, कारण तो काटा मनात असेल तर पुढचा कोणताही सल्ला तुम्हाला पटणार नाही. घंटी वाजवून बोलावता येणारी ती भुते, म्हणजे स्पिरिट अॅशेस, कुणी चोरवाटेने खेळात घुसवलेली नाहीत. ती बनवणाऱ्यांनी ‘एल्डन रिंग’साठी मुद्दाम तयार केली, त्यांना बळ देण्यासाठी वेगळी फुले पेरली आणि मोठ्या लढतींच्या जागी त्यांना बोलावण्याची खास सोय केली. 2024 मध्ये या खेळाचा विस्तार येण्याच्या सुमारास मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की ते स्वतः खेळण्यात कुशल नाहीत आणि खेळात जी जी मदत मिळेल ती सगळी ते वापरतात. ज्याने खेळ घडवला तोच असा खेळत असेल, तर हर्णैच्या घरात बसून तुम्ही तसेच खेळण्यात गैर काय आहे, हे मला समजत नाही. भाच्याला एकट्याने लढण्यात आनंद मिळत असेल तर तो त्याचा आनंद आहे आणि त्याचा मान ठेवावा. पण तो नियम म्हणून दुसऱ्यावर लादू नये.

रेच हे पात्र मात्र बदला. अंगावर कपडा नाही, हातात एक सोटा, पातळी 1 आणि सगळे गुण 10, असे हे पात्र ज्यांना खेळ आधीच पाठ आहे त्यांच्यासाठी आहे. नवे पात्र सुरू करताना जुने पुसावे लागत नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे गमावण्यासारखे काही नाही. तुमची बोटे उशिरा हलतात असे तुम्ही म्हणता, त्यामुळे मी व्हॅगाबाँड सुचवीन. सुरुवातीच्या सर्व पात्रांत त्याचा व्हिगर, म्हणजे जिवाच्या लाल पट्टीची लांबी ठरवणारा गुण, सर्वांत जास्त, 15 आहे, आणि त्याच्याजवळची ढाल साध्या शस्त्रांचा मार पूर्ण अडवते. दुरून जादू फेकणारा अॅस्ट्रोलॉजर अनेकांना सर्वांत सोपा वाटतो, आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे; पण त्याचा व्हिगर अवघा 9 आहे, आणि शत्रू एकदा अंगाशी आला की त्याला पळण्यावाचून फारसा उपाय नसतो. पात्र निवडताना एक भेटवस्तूही निवडायची असते, तिथे गोल्डन सीड घ्या, म्हणजे औषधाची एक बाटली पहिल्यापासून जास्त मिळेल.

खेळ सुरू झाल्यावर थडग्यांच्या त्या पहिल्या जागेत एक भूत बसलेले दिसते आणि त्याच्या शेजारी खाली उडी मारायची जागा आहे. पुष्कळ लोक तिच्याकडे न पाहता पुढे जातात, पण बटणे कशी वापरायची हे शिकवणारी गुहा तिथेच आहे. मुलीला सोबत घेऊन ती गुहा सावकाश करा. ढालीवर घाव घेतल्यावर लगेच जोराचा वार करायचा, म्हणजे एल वन धरून ठेवलेला असताना घाव अडला की ताबडतोब आर टू दाबायचे, हा डाव तर घोटून घ्या. याला गार्ड काउंटर म्हणतात. ज्याला नेमक्या क्षणी लोळण घेता येत नाही, त्याच्यासाठी सुरुवातीच्या प्रदेशात यापेक्षा उपयोगी डाव नाही, कारण यात घाव चुकवावा लागत नाही, तो येण्याची फक्त वाट पाहावी लागते.

बाहेर पडल्यावर रस्त्यात सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार येरझारा घालत असतो. त्याला लांबून वळसा घाला. पहिल्याच माणसाशी लढलेच पाहिजे असा समज त्याच्यामुळे होतो आणि तिथेच अनेकांचे मन उडते. एल्हच्या पडक्या चर्चमध्ये व्यापारी बसलेला आहे, त्याच्याकडून 300 रून्सची (रून्स म्हणजे खेळातले चलन) क्राफ्टिंग किट, म्हणजे वस्तू बनवण्याचे साहित्य, घ्या. पुढे गेटफ्रंटच्या भग्नावशेषांपाशी मेलिना नावाची स्त्री भेटेल आणि टोरंट नावाचा घोडा देईल. घोडा मिळाला की एकदा एल्हच्या चर्चला परत जा, तिथे टोपी घातलेली एक जादूगार स्त्री ती घंटी आणि तीन लांडग्यांची राख, म्हणजे घंटी वाजवून त्यांची भुते बोलावण्याची वस्तू, देते. स्टॉर्महिलच्या झोपडीत बसलेल्या रॉडेरिकाशी बोललात तर जेलीफिशची राखही मिळते. हे जेलीफिश हवेत तरंगत दुरून विष फेकते, आणि ज्या शत्रूला लांडगे चटकन संपवता येत नाहीत त्याला गुंतवून ठेवायला ते फार उपयोगी पडते.

यापुढचा सल्ला मी सर्वांत आग्रहाने देतो. लिमग्रेव्हच्या दक्षिणेला पुलापलीकडे वीपिंग पेनिन्सुला नावाचा प्रदेश आहे. मुख्य कथा तिकडे नेत नाही, म्हणून घाईतले खेळाडू तो टाळतात, पण नवशिक्यासाठी तोच खरा अंगणाचा भाग आहे. तिथले शत्रू तुमच्या आवाक्यातले आहेत आणि तिथल्या तीन चर्चमध्ये प्रत्येकी एक सेक्रेड टिअर आहे. या अश्रूने बाटलीतल्या औषधाचा गुण वाढतो, म्हणजे तेवढ्याच घोटात लाल पट्टी जास्त भरते. लिमग्रेव्हच्या पूर्वेकडील मरिकाच्या तिसऱ्या चर्चमध्ये असा आणखी एक अश्रू आहे, शिवाय मनाप्रमाणे मिश्रण करता येणारी एक वेगळी बाटलीही तिथेच मिळते. छोट्या सोनेरी झाडांच्या बुंध्याशी गोल्डन सीड सापडतात, त्यांनी बाटल्यांची संख्या वाढते. हे सगळे गोळा करताना घोड्यावरून पावसात भिजलेली माळराने, पडके किल्ले आणि समुद्रावरचे कडे पाहायला मिळतात, आणि तुम्हाला जे आवडते ते करता करताच तुमचे पात्र बळकट होत जाते. लिमग्रेव्हच्या तळ्यात एक ड्रॅगन उतरतो, त्याच्यापासून मात्र घोडा दौडवत सरळ निघून जा.

रून्स जमले की ग्रेसपाशी बसून पातळी वाढवता येते, आणि इथे नवखे लोक हमखास ताकदीच्या मागे लागतात. तुम्ही आधी व्हिगर वाढवा. मार्गिटकडे परत जाण्यापूर्वी तो 20 च्या आसपास आणि पुढे खेळ रंगात येईपर्यंत 40 असावा असे माझे मत आहे. 40 नंतर प्रत्येक गुणामागे मिळणारा लाभ कमी होऊ लागतो आणि 60 नंतर तो जवळजवळ नगण्य होतो. शस्त्राचे नुकसान वाढते ते मुख्यतः शस्त्रच सुधारल्याने. एल्हच्या चर्चमधील ऐरणीवर साधे शस्त्र +3 पर्यंत नेता येते आणि त्यासाठी पहिल्या प्रतीचे एकूण 12 स्मिदिंग स्टोन लागतात. लिमग्रेव्हच्या खाणीत भिंतींवर चमकणारे हे दगड पुष्कळ आहेत. पुढे मेलिना तुम्हाला राऊंडटेबल होल्ड या जागी नेईल, तिथला लोहार ह्यूग त्याच्या पुढचे काम करतो.

एक गोष्ट पडद्यावर लहान अक्षरांत असते आणि म्हणून सुटते. अंगावरच्या वस्तूंचे वजन तुमच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या वर गेले की पात्राची लोळण जड आणि मंद होते, आणि मग तुमच्या बोटांचा काही दोष नसतानाही घाव लागतच राहतो. भारी चिलखत घालून 70 ओलांडण्यापेक्षा एखादा तुकडा उतरवून ठेवलेला केव्हाही बरा.

मरणाविषयीही थोडे सांगतो, कारण राग बहुतेक वेळा तिथूनच येतो. मेल्यावर हातातले रून्स त्या जागी पडतात आणि तिथवर पोहोचून ते उचलता येतात. वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचे जातात. यावर उपाय इतकाच की मोठ्या लढतीला जाण्यापूर्वी सगळे रून्स खर्च करून रिकाम्या हाताने जायचे. पिशवीत गोल्डन रून नावाच्या ज्या वस्तू जमतात त्या मेल्यावर जात नाहीत, म्हणून त्या लगेच न फोडता, पातळी वाढवायला थोडे कमी पडतील तेव्हाच फोडा. हरवण्यासारखे काही नसेल तर हरणे फारसे जिव्हारी लागत नाही.

आता मार्गिट. त्याच्या पटांगणाच्या अगदी अलीकडे ग्रेस आहे, त्यामुळे पुन्हा पुन्हा जाण्याचा त्रास नाही. दाराजवळ जमिनीवर सोनेरी खूण दिसते. तिला स्पर्श केला की रॉजियर नावाचा जादूगार मदतीला येतो. तो खेळातलाच माणूस आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. आत शिरताच, मार्गिट बोलत पुढे येत असतानाच, लांडगे बोलवा. पडद्याच्या डाव्या कडेला छोटे चिन्ह दिसत असेल तिथेच त्यांना बोलावता येते आणि त्यात जादूची निळी पट्टी बरीच खर्च होते, हे ध्यानात ठेवा. मग मार्गिट ज्याच्याकडे तोंड करून आहे तो तुम्ही नसाल तेव्हाच वार करा, आणि तो वळला की ढाल वर करून मागे सरा. त्याची खरी लबाडी अशी की तो काठी उगारतो आणि हवेतच धरून ठेवतो. माणूस घाबरून आधीच लोळतो आणि उठताना मार खातो. म्हणून काठी उगारलेली पाहून नव्हे, तर ती खाली येऊ लागलेली पाहून लोळण्याचे सर्कल बटण दाबायचे, आणि मागे पळण्याऐवजी त्याच्या अंगाकडे लोळायचे. तुम्ही दूर जाऊन औषध प्यायला लागलात की तो प्रकाशाचे खंजीर फेकतो, त्यामुळे तो लांडग्यांत गुंतलेला असतानाच प्या. एखाद्या संध्याकाळी जिंकण्याचा विचारच न करता, एकही वार न करता, फक्त त्याचे हात पाहत राहा. त्याचा फार उपयोग होतो.

तेवढ्यानेही जमले नाही तर आणखी एक उपाय ठेवलेला आहे. लिमग्रेव्हच्या नदीकाठच्या मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा लबाड माणूस लपलेला असतो. लढताना तो शरण आला की हात थांबवा, त्याला मारू नका. नंतर परत गेलात की तो दुकान मांडून बसलेला असतो आणि 5000 रून्सना मार्गिटची बेडी विकतो. ती वापरली की पहिल्या टप्प्यात मार्गिट काही क्षण जमिनीला जखडला जातो आणि तुम्हाला मोकळेपणी वार करता येतात. आणि समजा, तरीही मन लागले नाही, तर किल्ल्याच्या उजव्या अंगाने कड्याच्या कडेकडेने एक वाट पलीकडच्या लिउर्निया या तळ्यांच्या प्रदेशात उतरते. मार्गिटला हात न लावता तिकडे जाता येते आणि बळकट होऊन हवे तेव्हा परतता येते.

पावसाळ्यात लाईट जाते तेव्हाचीही काळजी घेतली पाहिजे. हा खेळ स्वतःच वारंवार नोंद ठेवत असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी बहुधा फार मागे जावे लागत नाही, पण प्लेस्टेशन 4 च्या हार्ड डिस्कला असे अचानक बंद पडणे चांगले नाही. संगणकाला लावतात तसा छोटा यूपीएस घ्या, वीज गेल्यावर लगेच मेन्यूमधून क्विट गेम करून यंत्र नीट बंद करा, आणि आठवड्यातून एकदा खेळाची नोंद पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. प्लेस्टेशन 4 वर तशी सोय सेटिंग्जमध्ये आहे. दारात कुणी आले म्हणून खेळ मध्येच थांबवायचा असेल तर साध्या मेन्यूने तो थांबत नाही, शत्रू मारतच राहतात. मात्र सामानाच्या यादीत जाऊन टचपॅड दाबून मदत उघडली आणि तिथे मेन्यू एक्स्प्लनेशन निवडले की खेळ खरोखर थांबतो. टीव्हीवर गेम मोड असेल तर तो चालू करा. तो नसताना बटण दाबणे आणि चित्र हलणे यांत अंतर पडते, आणि दोष मात्र आपण बोटांना देतो.

तुमची मुलगी वाचून सांगते हे वाचून मला मनापासून आनंद झाला, आणि तिचा सहभाग नुसत्या वाचनापुरता ठेवू नका असे सुचवावेसे वाटते. या खेळात कुणाचे कोणते काम अर्धवट राहिले आहे याची यादी कुठेच मिळत नाही. माणसे एकदा काहीतरी बोलून जातात, आणि त्या बोलण्यातच पुढची वाट असते. एक वही करा. कोण कुठे भेटले, काय म्हणाले, कोणते दार बंद होते, कुठला शत्रू आज झेपला नाही, हे तिने मराठीत लिहून ठेवावे आणि नकाशावर त्या जागी खूण करावी. कॉलेज सुरू होऊन ती दापोलीला किंवा रत्नागिरीला जाऊ लागली तरी वही तुमच्याजवळ राहील. 31 जुलैला बंदी उठेल तोवर खेळ संपेल अशी अपेक्षा धरू नका. तो फार मोठा आहे आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत जिथल्या तिथे थांबून राहू शकतो.

भाच्याला मात्र या सगळ्यातून वगळू नका. त्याच्याकडे हाच खेळ असेल आणि तुम्हा दोघांकडे प्लेस्टेशन प्लसचे सदस्यत्व असेल, तर तो मुंबईहून तुमच्या जगात येऊन तुमच्या बाजूने लढू शकतो; तो प्लेस्टेशन 5 वर असला तरी चालते. दोघांनी मल्टिप्लेअरच्या मेन्यूत एकच पासवर्ड ठेवायचा, तुम्ही फर्लकॉलिंग फिंगर रेमेडी ही इतर खेळाडूंच्या खुणा दाखवणारी वस्तू वापरायची, त्याने जमिनीवर आपली सोनेरी खूण ठेवायची आणि तुम्ही तिला स्पर्श करायचा. पासवर्ड ठेवल्यावर त्याचे पात्र कितीही बलाढ्य असले तरी त्याची ताकद तुमच्या पातळीजवळ उतरवली जाते, त्यामुळे लढत तुमचीच राहते. मात्र असा सोबती आला की लांडगे बोलावता येत नाहीत आणि परका खेळाडू तुमच्या जगात घुसून हल्ला करू शकतो, म्हणून त्याला मार्गिटसारख्या मोठ्या शत्रूच्या दाराशीच बोलवा. टोरंटही त्या वेळात येत नाही. घोड्यावरचे फिरणे एकट्यासाठीच राखून ठेवा.